तक्रार आली की 'मिटवून टाका' म्हणतात. समितीने पहिल्या आठवड्यात नेमके काय करावे?

प्रश्न: प्राध्यापिका_करवीर

नमस्कार.

मी कोल्हापुरातील एका अनुदानित महाविद्यालयात शिकवते. यंदा लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आमच्या अंतर्गत तक्रार समितीची फेररचना झाली आणि पीठासीन अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली. नेमणुकीचे पत्र हाती येते न येते तोच दोन गोष्टी माझ्यापर्यंत पोहोचल्या. कुणाचीही ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून लिहीत आहे.

पहिली गोष्ट पदव्युत्तर वर्गातील एका मुलीची आहे. प्रात्यक्षिकाचे गुण ज्यांच्या हातात आहेत असे एक शिक्षक तिला रात्री उशिरा संदेश पाठवत. आधी सबमिशनची चौकशी, मग तिच्या फोटोवर शेरे आणि तिने उत्तर देणे बंद केल्यावर 'बरं, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) भेटूच' एवढे एकच वाक्य. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात तक्रार अर्ज नव्हता. तक्रार दिली तर पुढे काय काय होते, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. गुण जातील याची भीती तिला आहेच, पण त्याहून मोठी भीती घरी कळण्याची आहे.

दुसरी गोष्ट वसतिगृहातली. ईशान्य भारतातून शिकायला आलेल्या एका मुलाला काही मुले त्याच्या चेहऱ्यावरून आणि खाण्यावरून हाका मारतात, मेसमध्ये तो ताट घेऊन बसला की शेजारची मुले उठून जातात आणि एका रात्री त्याच्या खोलीला बाहेरून कडी घालण्यात आली. रेक्टरांच्या मते ही पोरांची चेष्टामस्करी आहे आणि ती आपोआप थांबेल.

दोन्ही बाबतींत संस्थेतील ज्येष्ठांनी मला एकच सल्ला दिला: दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवा, चार शब्द सुनवा आणि प्रकरण मिटवून टाका, कारण महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार आहे. सल्ला देणारी माणसे वाईट नाहीत, संस्थेवर त्यांचे मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणे मला अवघड जाते. लेखी तक्रार येण्यापूर्वी आणि आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत समितीने काय करावे आणि काय मुळीच करू नये? वसतिगृहातील प्रकरण माझ्या समितीकडे येते का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: निवृत्त_प्राध्यापिका

मॅडम, वेळेवर विचारलेत हे फार चांगले केलेत. अनेक वर्षे अशा समित्यांवर काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की प्रकरण कोणत्या दिशेला जाणार हे पहिल्या चार-पाच दिवसांतच बहुतांशी ठरून जाते, कारण तेवढ्या वेळात तक्रारदाराला कळून चुकते की संस्था आपल्याला सांभाळणार आहे की गप्प बसवणार आहे.

सर्वांत आधी, त्या मुलीला आणि त्या शिक्षकांना समोरासमोर बसवू नका. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये समेटाची तरतूद आहे, पण तो चौकशी सुरू होण्यापूर्वी आणि केवळ पीडित स्त्रीने स्वतः विनंती केली तरच करता येतो, आणि पैशांची देवाणघेवाण हा त्याचा आधार असू शकत नाही. म्हणजे समेटाचा प्रस्ताव प्राचार्यांनी, संस्थाचालकांनी किंवा समितीने तिच्यापुढे ठेवायचा नसतो. ज्येष्ठांना तुम्ही हे कलम दाखवू शकता. त्यात त्यांचा अवमान होत नाही आणि तुमचीही बाजू भक्कम राहते.

यानंतरची निकडीची गोष्ट गुणांची. 'व्हायवाला भेटूच' या वाक्यात जी धमकी आहे, तिच्यावरचा उपाय यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या लैंगिक छळविरोधी विनियमांत, जे मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले, स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. चौकशी चालू असताना समितीच्या शिफारशीवरून संस्था त्या शिक्षकांना तक्रारदाराचे काम, चाचण्या आणि परीक्षा तपासण्यापासून दूर ठेवू शकते, दोघांपैकी एकाचा विभाग बदलू शकते, तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा देऊ शकते आणि प्रतिवादीला अंतर राखण्याची ताकीद देऊ शकते. माझी कळकळीची विनंती अशी की विभाग बदलायची वेळ आली तर मुलीला हलवू नका. प्रयोगशाळा तिची, वर्गमैत्रिणी तिच्या, आणि तिलाच उचलून दुसरीकडे बसवले तर सगळ्या इमारतीला जे कळायचे ते कळते.

लेखी तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत यावी लागते. पुरेसे कारण असेल तर ते लेखी नोंदवून समिती ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. तिला लिहिणे जमत नसेल तर लिहिण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्यच आहे, पण शब्द तिचेच राहू द्या. आपण आपल्या भाषेत 'नीट' करून दिलेली तक्रार पुढे उलटतपासणीत तिलाच अडचणीची ठरते. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत तिची प्रत प्रतिवादीला द्यावी लागते, त्यांनी दहा दिवसांत उत्तर द्यायचे असते, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल आणि अहवालानंतर तीस दिवसांत संस्थेची कार्यवाही. या तारखा पहिल्याच दिवशी एका कागदावर मांडून फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवा.

आता एका साध्या पण नेहमी चुकणाऱ्या गोष्टीविषयी. बहुतेक महाविद्यालयांत अर्ज आवक-जावक विभागात दिला जातो. तिथला लिपिक तो उघडतो, विषय वाचून नोंदवहीत लिहितो, आवक क्रमांकाचा शिक्का मारतो, आणि टेबलाभोवती उभे असलेले तिघेचौघे ती ओळ वाचतात. कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख उघड करता येत नाही, पण आपण पहिल्याच टेबलावर ती उघड करून मोकळे होतो. तुमच्या समितीची स्वतंत्र नोंदवही ठेवा, तक्रार बंद पाकिटात फक्त तुम्ही स्वीकारा आणि सही-तारखेनिशी पोच लगेच द्या. पोच नसेल तर उद्या 'तक्रार आलीच नव्हती' म्हणायला वाट मोकळी राहते.

संदेशांच्या स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसायला हवी, आणि मूळ संभाषण फोनमधून पुसले जाता कामा नये, एवढे तिला आजच सांगा. सुनावणीच्या दिवशी दोघांना एकाच व्हरांड्यातील एकाच बाकावर थांबायला लावू नका. मी असे घडलेले पाहिले आहे. आत येईपर्यंत त्या मुलीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि समितीतले एक सदस्य त्याचा अर्थ 'ती गोंधळलेली आहे' असा लावत होते.

उत्तर: विज्ञान_शिक्षक

मॅडमनी लिहिलेले सर्व मान्य आहे, तरी शिक्षकांच्या बाजूने एक काळजी मांडतो. अंतरिम उपाय म्हणून एखाद्याला परीक्षेच्या कामातून बाजूला केले की स्टाफरूममध्ये त्याचा निकाल लागून गेलेला असतो. आरोप सिद्ध झाला नाही तर त्याने काय करायचे? समितीने दोघांनाही न्याय द्यावा, अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे का?

उत्तर: वकील_कसबा_बावडा

सर, अपेक्षा मुळीच चुकीची नाही, आणि तिचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने आपल्या शेजारच्याच राज्यातील प्रकरणात दिले आहे. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखांवर विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या होत्या आणि चौकशीनंतर त्यांना सेवेतून काढण्यात आले होते. समितीने सुनावण्या इतक्या घाईने उरकल्या होत्या की त्यांना बचावाची पुरेशी संधी मिळाली नाही, असे म्हणून न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा चौकशीसाठी परत पाठवले. मूळ तक्रारी २००९ च्या आहेत. समितीने नियम पाळले नाहीत, आणि त्याची किंमत प्रतिवादीइतकीच, किंबहुना अधिक, त्या विद्यार्थिनींनी चुकवली. त्याच निकालात न्यायालयाने देशभरात या कायद्याच्या अंमलबजावणीत राहिलेल्या गंभीर उणिवांवर बोट ठेवले आणि सरकारे, विद्यापीठे व व्यावसायिक संस्थांनी समित्या खरोखर अस्तित्वात आहेत का याची पडताळणी करावी, असे निर्देश दिले.

म्हणून अंतरिम आदेशात 'हा दोषारोप नाही, चौकशी पूर्ण होईपर्यंतची व्यवस्था आहे' असे वाक्य अवश्य घाला, आणि तो आदेश सूचनाफलकावर न लावता फक्त संबंधितांना द्या. गोपनीयतेचे कलम प्रतिवादीचेही रक्षण करते. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास कलम १४ नुसार कारवाई होऊ शकते. मात्र पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. हे दुसरे वाक्य सांगायला लोक विसरतात.

समितीची रचना आधी तपासा, कारण रचनेत दोष असेल तर सगळी चौकशी कोसळते. यूजीसीच्या विनियमांनुसार महाविद्यालयात पीठासीन अधिकारी किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाची स्त्री असावी लागते. तिच्याबरोबर दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, एक बाहेरच्या सामाजिक संस्थेतील सदस्य, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असल्यास तीन निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्ती या समितीत बसू शकत नाहीत. आपल्या भागातील अनेक समित्यांत विभागप्रमुख सर्रास दिसतात. ते आजच दुरुस्त करून घ्या.

आता वसतिगृहाविषयी. त्यात लैंगिक स्वरूपाचा छळ असेल तर तो मुलगा तुमच्या समितीकडेही येऊ शकतो, कारण स्त्रियांबरोबरच काही पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा हिंसेला बळी पडू शकतात हे विनियम मान्य करतात. पण तुम्ही वर्णन केलेला प्रकार सरळसरळ रॅगिंगचा आहे. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली आणि वर्ण, वंश, धर्म, जात, लिंग, रूप, राष्ट्रीयत्व, प्रादेशिक मूळ, भाषा, जन्मस्थान किंवा आर्थिक स्थिती यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ, ज्यात दादागिरी आणि वाळीत टाकणे दोन्ही येतात, हे रॅगिंग ठरले. तो विद्यार्थी पहिल्या वर्षाचाच असायला हवा असेही नाही. तेव्हा मेसमधून ठरवून उठून जाणे हीदेखील चेष्टामस्करी उरत नाही.

प्रकार गुन्ह्यात मोडत असेल तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत संस्थाप्रमुखांनी प्रथम खबर नोंदवायची असते. शिवाय आपल्या राज्यात १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. दोषीला दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेशबंदी, अशी शिक्षा त्यात आहे, आणि तक्रार येऊनही कारवाई न करणाऱ्या संस्थाप्रमुखाने त्या गुन्ह्याला चिथावणी दिली असे तो कायदा मानतो. 'मिटवून टाका' म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे कलम शांतपणे वाचून दाखवावे, असे मला वाटते. संस्थेचे नाव वाचवण्याचा खरा मार्ग त्यांना त्यातच सापडेल.

तो मुलगा अनुसूचित जमातीचा असेल, आणि ईशान्येकडील अनेक समाज तसे आहेत, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो. त्याची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही ही सबब चालत नाही; या कायद्याचे संरक्षण देशात कुठेही मिळते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. जातीवरून होणाऱ्या भेदभावासाठी यूजीसीच्या २०१२ च्या विनियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. वर्गात जात पुकारणे, 'राखीवमधला' म्हणून हिणवणे, वसतिगृहात किंवा मेसमध्ये वेगळे बसवणे यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. मे २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातील निवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मृत्यू झाला, आणि त्यापूर्वी आपण तिच्या छळाबद्दल वरिष्ठांकडे दाद मागितली होती, असे तिच्या आईने सांगितले आहे. त्या आईला आणि हैदराबाद विद्यापीठातील दिवंगत विद्यार्थी रोहित वेमुलाच्या आईला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, ते असलेले नियम संस्थांनी पाळावेत म्हणून. ती याचिका वाचताना माझ्यासारख्या वकिलालाही लाज वाटते.

उत्तर: माजी_रेक्टर

मी एका वसतिगृहाचा रेक्टर होतो, म्हणून रेक्टरांना उद्देशून लिहितो. बाहेरून कडी घातली जाते त्या रात्री आपल्याला ते कळत नाही. कळते ते मेसमध्ये. कोण कुणाच्या शेजारी बसतो, कोण ताट खोलीवर नेऊ लागला, कुणी दोन दिवस जेवायलाच आला नाही, हे आचाऱ्याला आणि वाढप्याला आपल्या आधी ठाऊक असते. त्यांच्याशी रोज बोला, आणि रात्रीची फेरी ठरलेल्या वेळी मारू नका.

२००९ च्या विनियमांत सहा नवीन विद्यार्थ्यांमागे एक ज्येष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक नेमावा असे सांगितले आहे. आम्ही ते मनापासून केले, आणि परगावच्या मुलांना त्याचा सर्वाधिक उपयोग झाला, कारण अनोळखी गावात पहिल्या महिन्यात ज्याच्याशी बोलता येईल असे एक तरी माणूस हवे असते. तुमच्या त्या मुलाला आजच विचारा की त्याला कोणत्या खोलीत, कोणाबरोबर राहायला आवडेल, आणि हलवायचेच असेल तर त्रास देणाऱ्यांना हलवा.

आपल्या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ पासून शाहू महाराजांनी इथे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी करण्यास चालना दिली, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, आणि दसरा चौकातून जाताना त्यांतल्या काही इमारती आजही दिसतात. त्या शहरात एका मुलाच्या शेजारून ताटे उचलली जावीत, हे मला सहन होत नाही.

उत्तर: पालक_चंदगड

माझी मुलगी कोल्हापुरात राहून शिकते. एकच सांगतो: तिच्या संमतीशिवाय घरी फोन करू नका. आमच्याकडे बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया 'सामान घेऊन ये' अशीच असते, आणि ती रागापेक्षा काळजीतून येते. घरी सांगायचे तिने ठरवले तर मात्र तुमच्यापैकी कुणीतरी बाईमाणसाने तिच्या आईशी शांतपणे बोलावे. चूक मुलीची नाही हे शिक्षिकेच्या तोंडून ऐकले की घरचे वातावरण बदलते.

उत्तर: संशोधक_विद्यार्थिनी

विद्यार्थ्यांच्या बाजूने थोडे लिहिते. समितीचा फलक बहुतेक ठिकाणी कार्यालयाबाहेर काचेच्या पेटीत असतो. त्यावरील निम्म्या सदस्यांची बदली झालेली असते किंवा ते निवृत्त झालेले असतात आणि दिलेला फोन कार्यालयाचा असतो, जो शिपाई उचलतो. कृपया एक थेट संपर्क द्या, आणि तो मुलींच्या खोलीत, प्रयोगशाळांत, ग्रंथालयात, वसतिगृहाच्या जिन्यात लावा. विद्यार्थी प्रतिनिधी निवडून येऊ द्या. विभागाने 'चांगली मुलगी' म्हणून नेमलेल्या प्रतिनिधीकडे कुणी जात नाही.

पीएचडी करणाऱ्यांची अडचण त्याहून वेगळी आहे. आमचा मार्गदर्शक एकच असतो आणि प्रगती अहवाल, शिष्यवृत्तीचा दाखला, प्रबंध सादर करण्याची परवानगी या प्रत्येक कागदावर त्याचीच सही लागते. तक्रार करण्यापूर्वीच मार्गदर्शक बदलून मिळण्याची हमी असेल तरच कुणी तोंड उघडेल. विद्यापीठाने हे प्रत्येक विभागात लेखी जाहीर करावे.

आणखी एक. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या वसतिगृहाचे दार लवकर बंद करणे हा उपाय नाही. मुलींवर मुलांपेक्षा कडक नियम लादण्यासाठी सुरक्षेचे कारण पुढे करू नये, असे यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांतच म्हटले आहे. सागरमाळावरच्या आमच्या विद्यापीठाच्या विस्तीर्ण परिसरात ग्रंथालयातून वसतिगृहाकडे येताना सगळे दिवे लागलेले असावेत, एवढी साधी गोष्ट त्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.

प्रश्नकर्तीचे उत्तर: प्राध्यापिका_करवीर

सर्वांचे मनापासून आभार. समितीतील विभागप्रमुखांना बदलण्याविषयी आजच प्राचार्यांना लेखी पत्र दिले आणि पोच घेतली. वसतिगृहाचे प्रकरण रॅगिंगविरोधी समितीकडे पाठवले असून प्राचार्यांना १९९९ च्या कायद्याचा उतारा सोबत जोडून दिला. ते वाचून त्यांनी त्याच दिवशी समितीची बैठक बोलावली. मुलगी मात्र अजून लेखी तक्रार द्यायला तयार नाही. तिच्यावर दबाव न आणता मला काय करता येईल? आणि उद्या संस्थेने आमचा अहवालच स्वीकारला नाही, तर तिला दाद कुठे मागता येईल?

उत्तर: वकील_कसबा_बावडा

तक्रार द्यायची की नाही हा निर्णय तिचा आहे. तीन महिन्यांची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे मात्र तिला लिहून द्या. तोपर्यंत तक्रारीचा उल्लेखही न करता संस्था काही गोष्टी करू शकते: सर्वच विद्यार्थ्यांच्या व्हायवाला दोन परीक्षक ठेवणे, विद्यार्थ्यांशी अभ्यासाचे बोलणे रात्रीच्या वैयक्तिक संदेशांऐवजी वर्गाच्या गटावरच व्हावे असा सर्व शिक्षकांसाठी नियम करणे, आणि समुपदेशकाची वेळ ठरवून देणे. रात्री-अपरात्री तिला मनावर ताण आला तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक तिच्याकडे असू द्या. समितीखेरीज पोलिसांत जाण्याचा तिचा हक्क कायम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली लैंगिक छळ आणि कलम ७८ खाली ऑनलाइन पाठलागसुद्धा गुन्हा आहे, आणि प्रसंग कोणत्याही हद्दीत घडला असला तरी राजारामपुरी काय किंवा तिच्या गावाजवळचे ठाणे काय, खबर नोंदवून घेणे त्यांना बंधनकारक आहे.

अहवालावर समाधान झाले नाही किंवा शिफारशी अमलात आल्या नाहीत, तर यूजीसीच्या विनियमांनुसार शिफारशींच्या तारखेपासून ३० दिवसांत संस्थेच्या कार्यकारी प्राधिकरणाकडे अपील करता येते. त्यापुढे रिट याचिकेचा मार्ग आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथेच बसत असल्याने त्यासाठी तिला मुंबईला जावे लागणार नाही. कागदपत्रे तयार झाली की मला व्यक्तिगत निरोप पाठवा. फी घेणार नाही.